फुलखडपाची साक्ष

शालन कोयंडे लग्न होऊन वेळण्याला आली त्या वर्षी फुलखडप, किनाऱ्यालगतचा प्रवाळांचा खडक, पाहायला पाण्यात उतरावं लागत नसे. ओहोटी पुरती लागली की होडीच्या कडेवरून वाकायचं, पुरे. खाली हळदीच्या रंगाचे गोंडे, जांभळ्या बोटांची झुडपं, आणि मधूनच निळे ठिपके असलेले मासे, लग्नघरातल्या पोरींसारखे उगाच इकडून तिकडे पळणारे. गाबीत लोक जाळं टाकताना त्या जागेला वळसा घालत. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नसे. बंदराची वाट जशी पायांना माहीत, तसंच तेही.

आता शालन एकाहत्तर वर्षांची होती. होड्या विजेवर चालत होत्या, वादळाचा इशारा मनगटावरच्या पट्टीवर येत होता, आणि फुलखडप बघायचं तर तोंडाला नळी लावून चांगलं दोन पुरुष खाली जावं लागे, कारण वरचा थर शेवाळाने माखून हिरवाकाळा झाला होता. मधले दोन उन्हाळे समुद्र इतका तापला की प्रवाळ पांढरे फटक पडले. पण तसा ताप त्यांनी पूर्वीही सोसला होता आणि पुन्हा रंग धरला होता. या वेळी धरला नाही.

का, ते शालनच्या मते उघड होतं. उत्तरेच्या टेकाडावर ‘नीलतारा’ नावाचं मोठं हॉटेल उभं राहिलं होतं आणि त्याचं सांडपाणी जातं कुठे, हे कुणी धड सांगत नव्हतं. चार वर्षं तिने वाडी हलवून ठेवली होती. ‘फुलखडप राखण’ नावाची मंडळी तिने जमवली. त्यात मासे विकणाऱ्या बायका होत्या, पर्यटकांना पाण्याखाली नेणारे पोरगे होते, घरगुती खोल्या भाड्याने देणारी कुटुंबं होती. अर्ज झाले, ग्रामसभेचे ठराव झाले, बंदरावर हाताला हात धरून साखळी झाली. हॉटेलचं उत्तर ठरलेलं. आम्ही पाणी शुद्ध करूनच सोडतो. नसेल पटत तर पुरावा दाखवा.

तो पुरावा शोधायला आज ती लुद्रिक फर्नांडिसच्या होडीत बसली होती.

पाण्यातून डोकं वर आलं. डॉ. इरफान मुजावरने काच कपाळावर सरकवली आणि हातातली सुई नसलेली पिचकारी वर धरली. आत पातळ, धुरकट असं काहीतरी होतं.

“गावलो काय शेंबूड?” लुद्रिकने विचारलं.

“मिळाला. बारा ठिकाणचा.”

“वैनी, बघ. ह्यांका सरकार पगार देता तो दगडाचो शेंबूड पुसूक. आणि माझ्या आवशीन माका त्याच कामासाठी फुकटचो मार घातलो.”

“तू स्वतःचो सुद्धा पुसलंस नाय, म्हणान मार खाल्लंस,” शालन म्हणाली. इरफान हसत हसत होडीत चढला.

तो रत्नागिरीच्या एका संशोधन संस्थेतून आला होता. त्याच्याबरोबर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं, आणि ते काय करतं हे त्याने शालनला पहिल्याच दिवशी ओसरीवर बसून नीट समजावलं होतं. समजेपर्यंत ती त्याला सोडणार नव्हती हेही खरं.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. मोहरी-वाटाण्याएवढ्या असंख्य जिवांची ती वसाहत, आणि प्रत्येक जीव स्वतःभोवती एक चिकट पापुद्रा पाझरतो. ऊन, गाळ, रोगजंतू यांच्यापुढे तेवढंच त्याचं पांघरूण. पाण्यातून जे जे वाहत येतं ते त्या पापुद्र्याला चिकटतं. काही आठवड्यांनी प्रवाळ तो टाकून देतो आणि नवा पांघरतो. म्हणजे पापुद्रा ही त्याने न लिहिलेली, पण त्याच्या अंगावर लिहिली गेलेली त्या दिवसांची नोंद.

नोंद वाचायची ती अशी. माणसाच्या आतड्यात जंतूंची वस्ती असते आणि त्या जंतूंवर जगणारे विषाणू असतात. कुठे कुठले किती, हे खाण्यापिण्यावर, पाण्यावर, घेतलेल्या औषधांवर ठरतं. घरातली माणसं आणि येणारे-जाणारे पाहुणे यांचं सगळं जिथे साठतं, त्या संडासाच्या टाकीत वर्षानुवर्षं मुरून त्या वस्तीला तिचा स्वतःचा तोंडवळा येतो. दोन टाक्यांचा तोंडवळा सारखा नसतो. यंत्रात एक पडदा होता, त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं. विषाणूच्या जनुकाचा धागा त्या भोकातून ओढला गेला की विजेचा प्रवाह किंचित थरथरतो, आणि धाग्यावरच्या प्रत्येक अक्षराची थरथर निराळी. पूर्वी ज्याला मोठी प्रयोगशाळा आणि महिने लागत, ते आता होडीच्या फळीवर एका दुपारात होत होतं.

“बोटाच्या ठशासारखंच समजा, काकी,” इरफान म्हणाला होता. “पण नुसता ठसा सापडून भागत नाही. कुणाचा ते जुळवायचं तर सगळ्यांचे ठसे आपल्यापाशी हवेत. हॉटेलला नमुना देणं कायद्यानेच भाग आहे. वाडीतल्या घरांना मात्र सक्ती करता येत नाही.”

“सक्ती कित्याक? मी आसंय मा.”

आणि ती खरोखरच घरोघर हिंडली. हातात बाटल्यांची पिशवी, मागे इरफान. असली भीक मागायला आजवर वेळण्यात कुणी आलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. जयवंती केळुसकर, जिच्या सहा खोल्या बारा महिने भरलेल्या असत, ती तर कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली.

“शालन, पन्नास वर्षां मासे मागलंस, मीठ मागलंस, ती कोयती मागलंस ती अजून दिलंस नाय. आणि आता ह्या?”

“कोयती देतंय गो. आधी ह्या दी.”

“आणि आमच्यातसून काय निघाला तर?”

“तुमच्यातसून काय निघूचा नाय. आपला नाय ह्या एकदा कागदावर इला की मगे उरलो कोण? टेकाडावरचो.”

“ता खरा.” जयवंतीने झाकणाकडे बोट दाखवलं. “आमच्या टाकीक सव्वीस वर्षां झाली. एकदा उपसूक लागली नाय. तुझ्या घोवाच्या हातची आसा, आणखी काय सांगू?”

असं बहुतेक घरांतून ऐकू आलं, आणि प्रत्येक ठिकाणी शालनला मनातून बरं वाटलं. तिच्या नवऱ्याला, दिगू मेस्त्रीला, जाऊन नऊ वर्षं झाली होती. गवंडी म्हणून त्याचं नाव दूरवर होतं, पण वेळण्यात त्याला ओळखत ते टाक्यांसाठी. वेळण्याच्या पाणंदी इतक्या अरुंद की मैला उपसणारी गाडी आत येऊच शकत नाही. टाकी भरली की माणसं लावून बादल्यांनी उपसायची, आणि ते काम करायला कुणी मिळायचं नाही. अशा गावात न भरणारी टाकी बांधून देणारा मेस्त्री म्हणजे देवमाणूस. लोक त्याच्या तारखेसाठी सहा-सहा महिने थांबत.

साठ घरांनी बाटल्या दिल्या.

जनसुनावणीला चार दिवस उरले असताना दुपारी इरफान घरी आला. ‘नीलतारा’ला आणखी ऐंशी खोल्या बांधायच्या होत्या, त्यासाठीची ती सुनावणी. शालनची सून तनुजा हिने चहा आणून ठेवला. तो त्याने घेतला नाही. कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसला.

“बोल मरे,” शालन म्हणाली. “जुळला मा?”

“जुळलं, काकी.” त्याने दोन पानं तिच्यापुढे ठेवली. “पहिलं पान हॉटेलचं. त्यांचा ठसा सापडला. शुद्ध करून सोडतो म्हणतात ते खोटं आहे. प्रवाळावर जेवढा मैल्याचा अंश मिळाला, त्यातले शंभरातले सोळा हिस्से त्यांचे.”

“सोळा?”

“सोळा. तेवीस अजून ओळखू आले नाहीत. आणि उरलेले...” त्याने दुसरं पान तिच्याकडे फिरवलं. “उरलेले एकसष्ट वाडीचे.”

पानावर वेळण्याचा नकाशा होता आणि त्यावर तांबडे ठिपके. शालनने चष्मा सारखा केला. तिला नकाशे वाचता येत नसतील असं इरफानला वाटत होतं. तो घरांची नावं सांगायला लागला. पण ती आधीच पुटपुटत होती. ह्या जयवंतीचा. ह्या भास्कर तांडेलाचा. ह्या मिठबावकरांचा, ह्या शाळेमागचा. बोट पुढे सरकत होतं आणि हळू होत होतं. मग ती ठिपके नसलेली घरं पाहू लागली. कुडाळच्या कंत्राटदाराने बांधलेली ओळ, ठिपका नाही. पंचायतीचं नवं शौचालय, ठिपका नाही. लुद्रिकचं घर त्याच्या मेव्हण्याने बांधलेलं, तिथेही नाही.

“किती आसत?” तिने विचारलं.

“त्रेचाळीस.”

तिने मान हलवली. आकड्याचं तिला नवल वाटलं नाही. नवऱ्याने वेळण्यात बांधलेल्या टाक्या तिने मोजल्या नव्हत्या, पण प्रत्येक टाकीसाठी पाणी तिनेच वाहिलं होतं.

“मला एक कोडं सुटत नाही,” इरफान म्हणाला. “टाक्या गळतात म्हणावं, तर गळालेलं पाणी वाळूतून, मातीतून जाताना गाळलं जातं. इतकं कच्चं, इतक्या लवकर खडपावर पोहोचत नाही. कुठेतरी सरळ वाट आहे. ती सापडली तर तेवढीच बुजवता येईल. नाहीतर त्रेचाळीस अंगणं उकरून प्रत्येक टाकी मुळापासून नवी बांधायची. त्याला दोन पावसाळे सहज जातील.”

“आणि खडप?”

“मोठ्या प्रवाळांना अजून जीव आहे. या मैल्यावर शेवाळ पोसतं आणि त्यांना गुदमरवतं. एक पावसाळा काढतील. दोन नाही काढणार.”

शालनची नजर अंगणाकडे गेली. तिला वाट माहीत होती.

तिला आठवत होतं ते या घराचं अंगण. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. दिगू खड्ड्यात उतरून जांभा फोडत होता, आणि एकाएकी त्याने तिला हाक मारली. खाली कोपऱ्यात मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून वारं येत होतं, समुद्राचा वास असलेलं. दिगूने बिडी पेटवली आणि भोकाशी धरली. धूर उसळून वर आला. संध्याकाळी ओहोटी लागल्यावर त्याने पुन्हा तिला बोलावलं आणि पुन्हा बिडी धरली. आता धूर आत ओढला जात होता, सुतासारखा. “बघितलंस?” तो म्हणाला होता. “खालचो कातळ श्वास घेता. ही टाकी कधी भरूची नाय.” आणि त्याने तळ घातलाच नाही. नुसते दगड रचले. ती हसली होती. नवऱ्याच्या हुशारीचं तिला कौतुक वाटलं होतं.

तिथून पुढे प्रत्येक टाकी खणताना तो आधी वारं शोधायचा. सापडेपर्यंत कातळ फोडायचा. मालक विचारत, मेस्त्री, भोक मिळालं का? मिळालं म्हटलं की गूळ वाटत.

दिगू लबाड नव्हता. एका घरात चार-पाच माणसं होती तेव्हा. समुद्र एवढा मोठा, त्याला एका घराचं काय, असं सगळेच समजत. पुढे त्याच घरांना खोल्या जोडल्या गेल्या, त्या खोल्यांत वीस-वीस पाहुणे उतरू लागले, आणि खालचा कातळ जसा श्वास घेत होता तसाच घेत राहिला.

संध्याकाळी लुद्रिक आला. पानांवर काय आहे ते इरफानकडून त्याला बंदरावरच कळलं होतं. शालनने दोघांना, त्याला आणि तनुजाला, सगळं सांगितलं. लुद्रिकने दोन्ही पानं उलटून पाहिली. मग म्हणाला, “पहिला पान दी.”

“म्हणजे?”

“सुनावणीत पहिला पान दी. ता काय खोटा नाय. हॉटेलाचा पाणी मिळता, ह्या खरा आसा. त्यांच्यो खोल्यो थांबतल्यो. दुसरा पान मगे हळूहळू आपापसात बघूया.”

“इरफान?”

“त्याका मी विचारलंय. तो म्हणता, कोणी विचारल्यान तर मी खोटा सांगूचंय नाय, पण आपणान बोलूचंय पण नाय. अहवाल गावाचो, गावान ठरवायचा. आणि वैनी, विचारतलो कोण?”

“हळूहळू म्हणजे कधी, लुद्रिक? लोक अंगण फोडतले कित्याक, जर कागदावर चोर हॉटेल आसा तर?”

लुद्रिकने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “दिगू माझो दोस्त होतो. जो माणूस उठान उत्तर देऊक शकना नाय, त्याच्याकडे चार लोकांत बोट दाखवचा?”

तनुजा आतापर्यंत उंबऱ्याला टेकून उभी होती. तिचा नवरा, शालनचा मुलगा, बोटीवर होता; घर आणि चार खोल्यांचा कारभार तीच चालवी.

“आई, दाराबाहेर बोर्ड कोणाच्या नावाचो आसा?” ती म्हणाली. “दिगंबर निवास. बाजारात माका कोण ओळखतत ते मेस्त्र्याची सून म्हणान. उद्या ‘मैलो सोडणाऱ्या मेस्त्र्याची सून’ म्हणतले. ह्यांचो फोन येतलो, त्यांका मी काय सांगू? तुमच्या आवशीन बापाशीचा नाव सुनावणीत घातला?”

“तू सांगू नको. मी सांगान.”

“तुमी सांगतल्यात आणि मी ऐकतलंय. दर दिवशी, ह्या वाडीत.” तिने पदर खोचला आणि आत गेली. चार दिवस ती सासूशी कामापुरतं बोलली.

त्या चार दिवसांत शालन एकदा लुद्रिकच्या होडीतून खडपावर गेली. इरफानने तिच्यासाठी पाण्यात काचेचा डबा धरला. शेवाळाच्या खाली, एका बाजूला, हळदीच्या रंगाचा एक गोंडा अजून होता. परातीएवढा, कडा कुरतडलेल्या. त्याच्यावर धुरकट पापुद्रा हलत होता. ती बराच वेळ पाहत राहिली. “चल,” एवढंच लुद्रिकला म्हणाली. तिने काय ठरवलं ते त्याला तिच्या पाठीवरून कळलं असावं, कारण बंदर येईपर्यंत त्याने एकही विनोद केला नाही.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. पुढे टेबलामागे अधिकारी बाई, शेजारी टंकलेखक, उजवीकडे हॉटेलचे मॅनेजर सबनीस, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. सगळी वाडी आली होती. पोरांनी ‘फुलखडप वाचवा’चे फलक धरले होते. तनुजा मात्र सासूबरोबर आली नव्हती.

शालनचं नाव पुकारल्यावर ती उठली आणि टेबलावर दोन्ही पानं ठेवली.

अधिकारी बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. “हे तुमच्या संघटनेचंच निवेदन आहे ना? यात तर बहुतांश प्रदूषण गावातल्या टाक्यांचं दिसतंय.”

सभागृहात कुजबुज उठली आणि वाढत गेली. सबनीस हसत उभे राहिले. “मॅडम, आम्ही चार वर्षं हेच सांगतोय. आमच्यावर विनाकारण...”

“बसा,” शालन म्हणाली. “शंभरातले सोळा तुमचे आसत. तुमी शुद्ध पाणी सोडतास मा? मगे ते सोळा काय पोहूक इले?”

कुणीतरी हसलं. सबनीस बसले.

“आमचे एकसष्ट आसत,” ती अधिकारी बाईंकडे वळली. “त्यांचे सोळा बंद होईपर्यंत आम्ही थांबूचे नाय, आणि आमचे आसत म्हणान त्यांच्या ऐंशी खोल्यो होऊक देऊचे नाय. पण आमचा आधी सांगतंय.” आणि तिने सांगितलं. कातळातलं वारं, तळ नसलेल्या टाक्या, धूर कसा वर येई आणि कसा आत जाई, सगळं. इरफान मागच्या भिंतीशी उभा होता. तो ऐकता ऐकता भिंतीपासून सुटून दोन पावलं पुढे आला.

“या टाक्या कुणी बांधल्या?” अधिकारी बाईंनी विचारलं. “नोंदीत घ्यावं लागेल.”

शालनने ओठ उघडले आणि मिटले. सबंध संसारात तिने नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती, लोकांत त्याचं नाव घेतलं नव्हतं. आमचे, मेस्त्री, पोराचे बापूस, असंच ती म्हणत आली. सभागृहात प्रत्येकाला ते नाव ठाऊक होतं आणि कुणीही तिच्या मदतीला आलं नाही.

“दिगंबर लक्ष्मण कोयंडे,” ती म्हणाली. “आणि हाताखाली शालन दिगंबर कोयंडे. तिचा पण घाला.”

टंकलेखकाने दोन्ही नावं घातली.

भास्कर तांडेल खुर्ची मागे ढकलून उठला. “म्हणजे गोड बोलान आमच्या घरातसून बाटली नेलंस, आणि आता आमकाच आरोपी केलंस! काय निघूचा नाय, म्हणालं होतंस!”

“म्हणालं होतंय,” शालन म्हणाली. “माका तसाच वाटला होता. चुकलंय.”

“चुकलंय म्हणान आमची अंगणा कोण भरून देतलो? मेलेलो मेस्त्री?”

तो निघून गेला, आणि त्याच्यामागे पंधरा-वीस माणसं. त्यातली काही पुढे कधीच तिच्या घरची पायरी चढली नाहीत. दोन पोरांनी हातातला फलक भिंतीला टेकवला आणि तीही गेली. शालन उभीच होती. बसावं की नाही ते तिला समजेना.

“शालन.” जयवंती केळुसकर तिसऱ्या रांगेत उठली होती. आवाज भांडणाचाच होता. “माझ्या टाकयेत भोक खय आसा?”

शालनने तिच्याकडे पाहिलं. “पूर्वेच्या कोपऱ्यात. माडाच्या बाजूक. वीतभर खाली एक काळो दगड आसा, त्याच्यामागे.”

“एकच?”

“एकच. पण हात जाता एवढा.”

“डॉक्टर,” जयवंती इरफानकडे वळली, “एका कोपऱ्यासाठी सगळा अंगण फोडूचा लागात?”

“नाही लागणार,” इरफान म्हणाला. त्याचा आवाज घाईचा झाला होता. “जागा नेमकी कळली तर टाकी उपसून आतूनच बुजवता येईल. वाट बंद झाली की तळ घालायला एक-दोन दिवस. पावसाच्या आधी सगळ्या होतील.”

“आणि मगे भरतली?”

“भरेल. दोन-तीन वर्षांनी उपसावी लागेल. पाणंदीतून जाईल अशी लहान गाडी पंचायतीकडे मागावी लागेल.”

“ती मागूया,” लुद्रिक मागून म्हणाला. “अर्ज करूची आमका सवय आसा.”

मिठबावकरांचा म्हातारा उठला. आमच्यात? दोन, शालनने सांगितलं, एक विहिरीच्या अंगाला, एक पायरीखाली. पायरीखालचं बारीक आहे. शाळेमागच्या सुगंधाबाईंनी विचारलं. तुमच्यात खूप शोधूनही भोक मिळालं नव्हतं, मेस्त्री तीन दिवस कातळ फोडत होते, चौथ्या दिवशी भेग सापडली, आडवी, दक्षिणेला. इरफान टेबलाच्या कडेवर नकाशा पसरून भराभर खुणा करू लागला. अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं, सबनीसांकडे पाहिलं, आणि ‘विस्ताराच्या अर्जावरचा निर्णय राखून ठेवला आहे’ असं टंकलेखकाला हळूच सांगून पुन्हा ऐकत बसल्या. शालनचे डोळे अर्धे मिटलेले होते. ती एकेका खड्ड्यात उतरत होती. कुठे पाणी लागलं, कुठे पहार मोडली, कुठल्या घरी दुपारी सांदणं खाल्ली, सगळं तिला दिसत होतं. इतक्या वर्षांत या आठवणींचा कुणाला काही उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं.

निघून गेलेल्यांच्या टाक्याही तिने आपणहून सांगितल्या. बेचाळीस खुणा झाल्यावर कुणी विचारणारं उरलं नाही.

“आणि आपल्यात?”

तनुजा दारात उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. केस विस्कटलेले, हाताला पीठ, तशीच निघून आलेली.

गेल्या उन्हाळ्यात तनुजाने चौथी खोली बांधली होती, अंगणात, त्या टाकीवरच. फरशी स्वतः कोल्हापूरला जाऊन निवडून आणली होती, फिकट निळी.

“आपली टाकी पयली होती गो,” शालन म्हणाली. “भोक नव्या खोलयेच्या खाली आसा. बरोबर मधी. फरशी काढूची लागतली.”

तनुजा खाली पाहत राहिली. मग तिने हात पदराला पुसले, रांगांमधून चालत टेबलापर्यंत आली आणि सासूच्या शेजारी उभी राहिली.

“लिवा,” ती इरफानला म्हणाली.